आधी हवेची चोरवाट, मग मिश्रणाचा स्क्रू

कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जुन्या गाडीचे इंजिन आयडलिंगवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना, थरथरू लागले, गाडी थांबली की बंद पडू लागले किंवा अॅक्सिलरेटर दाबताक्षणी अडखळू लागले, की बहुतेकांचा हात सर्वप्रथम पेट्रोल-हवेच्या मिश्रणाच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू थोडा फिरवल्यावर इंजिन काही काळ सुधारल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. माझे मत याबाबतीत ठाम आहे: इंजिनात नको त्या वाटेने हवा शिरत नाही याची खात्री होईपर्यंत त्या स्क्रूला हात लावू नये. गळतीवर पेट्रोल वाढवून केलेले ट्युनिंग फक्त एका वेगापुरते जमते. बाकी सर्व वेगांवर मिश्रण चुकीचेच राहते, आणि मूळ दोष मात्र झाकला जातो.

हे असे का होते, ते आकड्यांतून नीट कळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या हिशेबाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तर हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) ठेवावे लागते, आणि इंधनाची बचत हवी असेल तर ते साधारण १५.५ ते १६ पर्यंत लीन (पेट्रोल कमी) चालते. त्याहून फार पुढे गेल्यास ठिणगी पडूनही मिश्रण धड पेट घेत नाही आणि इंजिन मिसिंग करू लागते. जुनी इंजिने आयडलिंगवर मुद्दाम थोडी रिच ठेवलेली असतात, कारण त्या वेळी सिलिंडरमध्ये जळालेल्या वायूचा अंश बराच उरलेला असतो, मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या नळीतील) हवेचा वेग कमी असतो आणि पेट्रोल सर्व सिलिंडरांना सारखे वाटले जात नाही.

आता समजा, मॅनिफोल्डला कुठेतरी २ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले आहे. आयडलिंगच्या वेळी थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जवळपास बंद असतो आणि मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या वातावरणाच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत उतरलेला असतो. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांखाली गेला की छिद्रातून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते, आणि त्यानंतर आतला दाब आणखी उतरला तरी प्रवाह वाढत नाही. गळतीच्या जागी ऐकू येणारी शिट्टी किंवा फुसफुस याच वेगवान हवेची असते. ढोबळ हिशेब केला, तर अशा छिद्रातून सेकंदाला अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त हवा आत जाते. १५०० सीसीच्या इंजिनाला आयडलिंगवर एकूण जेमतेम ३ ग्रॅम हवा लागते, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा हवा कार्ब्युरेटरला वळसा घालून आत आली. १३.५ चे मिश्रण त्यामुळे १६ च्या पलीकडे जाते. तेच इंजिन रस्त्यावर मध्यम वेगाने चालताना सेकंदाला १५ ग्रॅमच्या आसपास हवा घेते, तेव्हा त्याच छिद्राचा वाटा तीन-चार टक्क्यांवर येतो आणि चालकाला काही जाणवतही नाही. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच फारसा उरत नाही आणि गळती जवळजवळ थांबते.

संपूर्ण निदानाचा पाया याच फरकात आहे. हवेच्या गळतीमुळे होणारा बिघाड आयडलिंगवर सर्वांत जास्त असतो आणि आरपीएम वाढवत नेले की कमी होत जातो. याउलट फ्युएल पंप अशक्त झाला असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा मेन जेटमध्ये (रस्त्यावरच्या वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) कचरा अडकला असेल, तर आयडलिंग चांगले राहते आणि इंजिनावर भार आला की लीनपणा दिसू लागतो. गाडी कोणत्या वेळी कुरकुरते एवढे नीट पाहिले तरी निम्मे काम होते, आणि त्यासाठी एकही पाना उचलावा लागत नाही.

इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) जुन्या गाड्यांना हाच नियम लागू आहे, मात्र तिथे हवा कशी मोजली जाते हे आधी पाहावे लागते. के-जेट्रॉनिक किंवा एल-जेट्रॉनिक यांसारख्या पद्धतींत आत येणारी हवा एका फ्लॅपने किंवा तबकडीने मोजली जाते. त्या मापकानंतर कुठूनही शिरलेली हवा मोजलीच जात नसल्याने मिश्रण थेट लीन होते. अशा इंजिनांत तेल भरण्याचे झाकण सैल असले किंवा डिपस्टिक नीट बसलेली नसली तरी आयडलिंग बिघडते, कारण क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पेटीची) हवा ब्रीदरच्या नळीवाटे मॅनिफोल्डमध्येच ओढली जाते. मापक आणि थ्रॉटल यांच्यामधील रबरी बूट वरून चांगला दिसतो, परंतु वाकवून पाहिल्यावर त्याच्या घड्यांमध्ये भेगा सापडतात. ज्या पद्धतीत हवा न मोजता मॅनिफोल्डचा दाब मोजला जातो, तिथे गळतीमुळे दाब वाढतो, संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो, आणि परिणामी इंजिन लीन होण्याऐवजी आयडलिंगच चढलेले राहते. स्कॅनर जोडता येण्याजोगी गाडी असेल, तर आयडलिंगवर फ्युएल ट्रिम (संगणकाने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) अधिक २० टक्क्यांच्या आसपास असणे आणि २५०० आरपीएमवर तो जवळपास शून्यावर येणे, ही गळतीची जवळजवळ खात्रीची खूण आहे.

तपासणी सुरू करण्याआधी काही गोष्टी जागेवर असायला हव्यात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट गॅप (ठिणगी जुळवणाऱ्या संपर्कांची फट), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), प्लग, एअर फिल्टर आणि कॉम्प्रेशन यांतले काहीही बिघडलेले असेल, तर त्याची लक्षणे गळतीसारखीच दिसतात. इंजिन पूर्ण तापलेले आणि चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडा असावा. फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतील) पेट्रोलची पातळीही पाहून घ्यावी, कारण ती चुकलेली असेल तर कार्ब्युरेटरच्या सर्वच मार्गांतील मिश्रण एका दिशेने सरकते. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: हे सर्व काम उघड्या हवेत करावे. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत जीवघेणा ठरतो.

व्हॅक्यूम गेजइतके स्वस्त आणि इतके बोलके उपकरण जुन्या गाडीसाठी दुसरे नाही, असे मी मानतो. ते थ्रॉटलच्या खालच्या बाजूला, थेट मॅनिफोल्डला जोडावे. निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ आयडलिंगवर पाऱ्याच्या ४३० ते ५६० मिलिमीटर, म्हणजे १७ ते २२ इंच व्हॅक्यूम दाखवते आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर हा आकडा दर ३०० मीटरला साधारण २५ मिलिमीटरने उतरतो, हे लक्षात ठेवले नाही तर डोंगराळ भागातले चांगले इंजिन नाहक सदोष ठरते. काटा स्थिर असूनही नेहमीपेक्षा बराच खाली असेल, तर दोन शक्यता राहतात: हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. टायमिंग आधीच तपासलेले असेल तर उत्तर हातात येते. काटा ठरावीक ठेक्यात खाली झटके देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची किंवा एकाच सिलिंडरच्या इनटेक पोर्टजवळ गळती असण्याची शक्यता जास्त. तो संथपणे पुढे-मागे सरकत असेल, तर मिश्रणाकडे संशय न्यावा. चांगल्या स्थितीतील इंजिनाचा आकडा कुठेतरी लिहून ठेवावा, कारण पुढे कधी बिघाड झाला तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्या गाडीचा स्वतःचा आकडा जास्त उपयोगी पडतो.

गेज नसेल तरीही दोन साध्या चाचण्या करता येतात. पहिली म्हणजे, इंजिन चालू असताना आयडलिंगचा स्क्रू (थ्रॉटल किती बंद होईल ते ठरवणारा) पूर्ण मागे घेऊन थ्रॉटल बंद होऊ द्यायचा. हवेची वाट बंद झाल्यावर इंजिन थांबायला हवे. ते चालतच राहिले, तर त्याला हवा दुसरीकडून मिळते आहे. (काही कार्ब्युरेटरांत आयडलिंगची हवा थ्रॉटलला वळसा घालून येते, तिथे तो बायपासचा स्क्रूही बंद करावा लागतो.) दुसरी चाचणी म्हणजे, एअर फिल्टर काढून चोकची झडप हळूहळू मिटत न्यायची. मिश्रण योग्य असेल तर इंजिन लगेच जड होते आणि दम टाकू लागते. झडप अर्धी मिटल्यावर ते उलट सुधारले, आरपीएम वाढले, तर इंजिन लीन आहे हे निश्चित झाले. मात्र ते गळतीमुळे लीन आहे की तुंबलेल्या आयडल जेटमुळे, हे या चाचणीतून कळत नाही.

नेमकी जागा शोधताना मी नेहमी नळ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्या एकेक करून दाबून बंद करता येतात. मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक नळी चिमट्याने दाबावी आणि आयडलिंग बदलते का ते ऐकावे. ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेकला मदत देणाऱ्या भागाची) नळी दाबताच इंजिन सुरळीत झाले, तर नळीत किंवा बूस्टरच्या डायफ्रॅममध्ये (रबरी पडद्यात) दोष आहे. याची आणखी एक परीक्षा अशी: इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल ते कडक होईपर्यंत वारंवार दाबावे, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. ते जागचे हललेच नाही, तर ट्युनिंग बाजूला ठेवून आधी ब्रेक दुरुस्त करावेत, कारण हा प्रश्न आता मिश्रणाचा राहिलेला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची हवा मॅनिफोल्डमध्ये सोडणारी झडप) काढून हलवल्यावर आत खळखळ आवाज यायला हवा. तो उघड्या स्थितीत अडकला असेल, तर तीही एक मोठी गळतीच असते. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाची) नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करावी. ओढ टिकली नाही तर डायफ्रॅम फाटले आहे. इथे एक बारकावा आहे. अनेक गाड्यांत ही नळी थ्रॉटलच्या वरच्या छिद्राला जोडलेली असते, त्यामुळे आयडलिंगवर तिथे व्हॅक्यूम नसतोच आणि गळती थ्रॉटल थोडा उघडल्यावरच जाणवते. वापरात नसलेल्या तोट्यांवरच्या रबरी टोप्या तर सर्वांत दुर्लक्षित राहतात. त्या मागच्या बाजूने फाटलेल्या असतात आणि समोरून शाबूत दिसतात.

नळ्या निर्दोष ठरल्या की सांध्यांकडे वळावे. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला उष्णतारोधक जाड तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंची गॅस्केटे (सांधा हवाबंद करणाऱ्या पातळ चकत्या), आणि मॅनिफोल्ड व सिलिंडर हेड यांच्यामधले गॅस्केट या नेहमीच्या जागा आहेत. इथे पाण्याची बारीक फवारणी करून पाहणे हा सर्वांत सुरक्षित उपाय. गळतीच्या जागी पाणी ओढले गेले की आयडलिंग क्षणभर बदलते. कार्ब्युरेटर क्लीनर फवारल्यास फरक अधिक स्पष्ट कळतो, कारण तो स्वतः जळतो आणि लीन मिश्रणाला तात्पुरते इंधन मिळून आरपीएम चढतात. परंतु गरम एक्झॉस्टच्या शेजारी आणि ठिणगी उडवणाऱ्या जुन्या वायरींजवळ ज्वलनशील द्रव फवारणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ते करायचेच असेल, तर अग्निशामक हाताशी ठेवून, एका वेळी एकाच जागी, अगदी थोडे फवारावे. फवारा कार्ब्युरेटरच्या तोंडात गेला तरी आरपीएम बदलतात, त्यामुळे निष्कर्ष काढण्यापूर्वी तीच जागा दोनदा-तीनदा तपासावी. धूर सोडणारे यंत्र मिळाले तर उत्तमच. इंजिन बंद ठेवून अगदी कमी दाबाने मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की भेग स्वतःच जागा दाखवते, आणि ऐकण्याचा किंवा अंदाजाचा प्रश्न उरत नाही.

थ्रॉटलच्या स्पिंडलची (तो ज्यावर फिरतो त्या दांड्याची) झीज या सर्वांत फसवी. हजारो वेळा फिरून स्पिंडल आणि त्याचे बूश घासतात, बाजूने हवा आत जाऊ लागते, आणि प्रत्येक वेळी अॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल किंचित वेगळ्या जागी बसतो. म्हणूनच अशा गाडीचे आयडलिंग सकाळी एक आणि दुपारी दुसरेच असते, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी ते टिकत नाही. स्पिंडलचे टोक बोटांनी वर-खाली हलवून पाहावे. हालचाल जाणवली तर टोकावर तेलाचा एक थेंब सोडावा; तेलाने फट क्षणभर बुजून इंजिनाचा सूर बदलला, तर दोष सापडला. यावर नवीन बूश बसवणे हाच उपाय आहे. कार्ब्युरेटरची सर्व्हिसिंग किट कितीही चांगली असली तरी त्यात जेट, सुया आणि गॅस्केटे असतात, आणि स्पिंडलची झीज तशीच राहते. पूर्ण किट टाकूनही गाडी सुधारत नाही अशी तक्रार मी जेव्हा ऐकतो, तेव्हा माझा पहिला संशय इथे जातो.

गॅस्केट बदलताना पृष्ठभाग सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहावे. कार्ब्युरेटर बसत नाही म्हणून नट जोर लावून आवळले की त्याच्या पायाचे कान वाकतात आणि गळती उलट वाढते. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत. सीलंट थापून भागवणे मला मान्य नाही, कारण बरीचशी सीलंटे पेट्रोलने विरघळतात आणि त्यांचे तुकडे आत ओढले जातात.

गळती नाही हे सिद्ध झाल्यावर मिश्रणाचे काम अगदी थोडे उरते. स्थिर जेटच्या कार्ब्युरेटरात मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन साधारण दीड ते दोन फेरे बाहेर आणावा. आत नेताना जोर लावला तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि त्यानंतर तो स्क्रू कधीच अचूक बसत नाही. बहुतेक कार्ब्युरेटरांत हा स्क्रू पेट्रोल-हवेचे तयार मिश्रण सोडतो, म्हणजे बाहेर काढला की रिच होते. पण काहींत तो फक्त हवा सोडतो, तिथे दिशा उलटी असते. आपल्या कार्ब्युरेटरात कोणता प्रकार आहे हे आधी पाहून घ्यावे. इंजिन तापवून स्क्रू हळूहळू फिरवत सर्वाधिक आरपीएमची जागा शोधावी, मग आयडलिंगच्या स्क्रूने वेग पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणावा, आणि हे दोन्ही आळीपाळीने करत राहावे. शेवटी मिश्रण किंचित लीनकडे न्यावे, आरपीएम जेमतेम उतरू लागताच थांबावे आणि तिथून अगदी थोडे मागे यावे. प्रत्येक बदलानंतर इंजिनाला काही सेकंद स्थिरावू द्यावे.

मिश्रणाचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर ती स्वतंत्र खूण समजावी. आयडलिंग टिकवण्यासाठी कोणीतरी थ्रॉटल जास्त उघडून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडेजवळची पुढच्या टप्प्याची छिद्रे उघडी पडतात आणि पेट्रोल तिथून येऊ लागते. ही स्थिती बहुधा तुंबलेल्या आयडल जेटमुळे किंवा मंद टायमिंगमुळे आलेली असते.

एस.यू. किंवा स्ट्रॉमबर्गसारख्या, पिस्टन वर-खाली होणाऱ्या कार्ब्युरेटरांत पद्धत वेगळी आहे, कारण तिथे एकच जेट आणि एकच निमुळती सुई सर्व वेगांना पेट्रोल पुरवते. एस.यू.मध्ये पिस्टन जेमतेम १ मिलिमीटर उचलून पाहतात. आरपीएम वाढून चढलेलेच राहिले तर मिश्रण रिच, इंजिन लगेच बसू लागले तर लीन, आणि क्षणभर किंचित चढून पूर्ववत झाले तर बरोबर. दोन कार्ब्युरेटर असतील तर आधी दोघांतून जाणारी हवा सारखी करावी आणि मगच मिश्रण पाहावे. हा क्रम उलटा केला तर दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

एक्झॉस्ट गॅस अॅनालायझर उपलब्ध असेल तर अंदाज संपतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्ट स्वच्छ करणारा भाग) नसलेल्या बऱ्याच जुन्या गाड्या आयडलिंगवर १ ते ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडवर नीट चालतात, तरी नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. मोनॉक्साइड फार कमी, ऑक्सिजन जास्त आणि सोबत न जळालेले हायड्रोकार्बनही जास्त असतील, तर इंजिन लीन होऊन मिसिंग करते आहे. हायड्रोकार्बन जास्त दिसले म्हणून ते रिच आहे असे समजून पेट्रोल आणखी कमी करण्याची चूक इथेच होते. मात्र एक्झॉस्टच्या सांध्याला गळती असेल तर बाहेरची हवा पाइपात ओढली जाते आणि ऑक्सिजनचा आकडा खोटा वाढतो. लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा भाग) असलेल्या गाडीत हाच खोटा आकडा संगणकाकडे जातो आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. त्यामुळे आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी एक्झॉस्टचे सांधेही पाहून घ्यावेत.

इंधनाचा विचार आता टाळता येत नाही. इथेनॉलला जळण्यासाठी वजनाच्या हिशेबाने केवळ ९ पट हवा लागते, म्हणून १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण सुमारे १४.१ आणि २० टक्के असलेल्याचे सुमारे १३.५ होते. जुने जेट मात्र पूर्वीइतकेच इंधन सोडतात, त्यामुळे इंजिन अनुक्रमे ४ आणि ८ टक्के लीन चालू लागते. ज्या गाडीत आधीपासूनच बारीक गळती होती आणि ती जाणवत नव्हती, तिची कुरकुर या इंधनाने सुरू होऊ शकते. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबराच्या पेट्रोल नळ्या कडक किंवा मऊ पडतात, तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालणे हे ट्युनिंगच्याही आधीचे काम आहे. अशा पेट्रोलवर मिश्रणाचा स्क्रू थोडा रिचकडे फिरवला तर आयडलिंग सुधारते, परंतु रस्त्यावरचे मिश्रण मेन जेट ठरवतो, आणि भाराखाली इंजिन लीन होऊन तापत असेल तर एका मापाने मोठा जेट बसवावा लागतो.

तो जेट बदलायचा की नाही, हे प्लग पाहून ठरवता येते. गाडी मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल बराच उघडा ठेवून काही अंतर चालवावी, मग गिअर न्यूट्रल करून, इंजिन बंद करून, सुरक्षित जागी थांबावे आणि प्लग काढावेत. बंद करण्याआधी आयडलिंग होऊ दिले तर प्लगवर आयडलिंगचाच रंग चढतो. फिकट तपकिरी किंवा करडा रंग योग्य, कोरडी काळी काजळी रिच, आणि पांढराफटक, भाजल्यासारखा इन्सुलेटर लीन. शिसेविरहित पेट्रोलवर हे रंग पूर्वीइतके ठळक उमटत नाहीत, म्हणून भिंगातून पाहावे लागते. चारांपैकी एकच प्लग पांढरा आणि बाकी तीन सारखे असतील, तर जेटला हात न लावता त्या एका सिलिंडरच्या मॅनिफोल्ड गॅस्केटपाशी पुन्हा जावे, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तिथले नट टॉर्क रेंचने तपासावेत.